तिकीट काढून वाळवलेली केळी

वैनी, काल तुमचं तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर बायका ओटीवर बसल्या होत्या आणि त्यातल्या एकीनं मला विचारलं, "सुमन, तुझी जाऊ कधी कुठं फिरायला गेली होती का गं, की सगळा जन्म वाडीतच गेला?" आवाज असा कीव आल्यासारखा, की माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गेली होती की. खाडीपलीकडे ते नवं खेळांचं मैदान निघालंय ना, आकाशपाळण्यांचं आणि पाण्यातल्या घसरगुंड्यांचं, तिथं गेली होती. मीही होते बरोबर. आणि मग बोलण्याच्या ओघात सांगूनच टाकलं, की आम्ही दोघी तिकीट काढून आत गेलो आणि दिवसभर हिरवळीवर केळी वाळवत बसलो.

सगळ्या हसल्या. तेराव्याच्या घरात एवढं हसणं बरं दिसत नाही, पण तोंडाला पदर लावून लावून हसल्या. तुमची लेक रंजूसुद्धा हसली, जी त्या दिवशी आपल्याला ओळख दाखवायला तयार नव्हती. तुमचे मालक, दादा, तेवढे उठून विहिरीकडे गेले. मीही हसले, आणि मग मला त्या बायकांचा इतका राग आला की भांडी घासायचं निमित्त करून मागच्या दारी गेले, ती त्या जाईपर्यंत पुढं आलेच नाही. गोष्ट हसण्यासारखीच आहे, मला कळतं. पण ती आपण दोघींनी मिळून सांगायची होती. अर्धी तुम्ही, अर्धी मी, मधे मधे एकमेकींना खोटं पाडत. एकटीनं सांगितली तर ती दोन येड्या बायकांची गोष्ट होते. तशी ती नव्हती.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा तुम्ही इथं मुरलेल्या होतात. तुमचं माहेर खाजणाकडचं, भातशेतीवाल्यांचं. तुम्ही 'पानी' म्हणायच्या, 'कोन' म्हणायच्या, केळीला 'केली' म्हणायच्या, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही सासूबाई त्यावरून टोमणे मारायच्या. त्यांनी टोमणा मारला की तुम्ही मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, "सुमे, पानी आन गं." पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, हिच्याशी आपलं जमेल. तसं जमणं काही सोपं नव्हतं. तुम्हाला सकाळी उठल्या उठल्या बोलायला लागायचं, आणि मला चहा पोटात जाईपर्यंत कुणाचा शब्द खपत नसे. तुम्ही भाजीत गूळ टाकायच्या, मी तो टाकण्याआधी माझ्या पोरांची भाजी बाजूला काढून ठेवायचे. भांडलोही पुष्कळ. पण एकीनं अबोला धरला की दुसरीला दिवसभर बोलायला माणूस नसे, म्हणून अबोला टिकायचा नाही.

सासूबाईंनी मला आल्या आल्या एकच नियम सांगितला होता. वाडीतलं घर कधी रिकामं टाकायचं नाही. पुरुष गेले तर चालेल, पोरं गेली तर चालेल, पण एक जाऊ बाहेर गेली की दुसरीनं घरात राहायचं. केळीला आणि पानवेलीला पाणी द्यायचं कोण बघणार, गाय कोण बांधणार, तिन्हीसांजेला दिवा कोण लावणार? आणि दिवाळीनंतर तर सुकेळी, पिकली केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवायची. आपल्या आगाशीच्या आळीत सगळ्याच वाडीवाल्यांकडे हीच रीत होती, त्यामुळे त्यात काही वाईट आहे असं कधी मनातही आलं नाही. हाताला पाच बोटं असतात, तसं एक जाऊ घरात असते.

म्हणून निर्मळची जत्रा एका वर्षी तुम्ही बघायच्या, एका वर्षी मी. तुमच्या भावाच्या लग्नाला मी घरी, माझ्या बहिणीच्या लग्नाला तुम्ही घरी. परत आल्यावर दुसरीला सगळं सांगायचं, हेही ठरलेलंच. तुम्ही सांगायला बसलात की मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. एकदा तुम्ही सांगितलंत, की जत्रेत एक बाई आली होती, ती नुसत्या दातांनी पाण्यानं भरलेली घागर उचलत होती. पुढच्या वर्षी मी सगळी जत्रा पालथी घातली. कुठली बाई आणि कुठली घागर. घरी येऊन तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "मला वाटलं, तुला जरा बरं वाटेल ऐकून." मग मीही सुरू केलं. माझ्या जत्रेत माकड हार्मोनियम वाजवू लागलं. अशी वर्षं गेली. तुमची जत्रा मला ठाऊक होती, माझी तुम्हाला, आणि दोघींची मिळून एकही नव्हती. वैनी, एका घरात इतकी वर्षं काढली, पण उन्हात बाहेर कुठं निवांत बसलेल्या तुम्ही कशा दिसता, हे मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला चुलीपाशी बघितलं होतं, नाहीतर विहिरीपाशी, नाहीतर सुकेळ्यांच्या मांडवापाशी.

मग ते मैदान निघालं. शाळेत एकाचा मामा पोरांना घेऊन जाऊन आला, आणि माझ्या दोघांनी घर डोक्यावर घेतलं. रात्रंदिवस तेच. पाळणा एवढा उंच, गाडी अशी उलटी होते, पाण्याच्या लाटा बटण दाबलं की येतात. मी म्हटलं, लाटा बघायच्या तर चला राजोडीला, फुकट आहेत. तिकीट ऐकून तर मी कानावर हात ठेवले. तेही माणशी, पोरांचं थोडं कमी, आणि आत गेल्यावर खाण्यापिण्याचे वेगळे. दादांचं म्हणणं, तेवढ्या पैशांत विहिरीचं काहीतरी करता येईल. आसपासच्या वाड्यांतून टँकर भरभरून नव्या इमारतींना पाणी जायला लागल्यापासून आपल्या विहिरीला मचूळ चव आली होती, आणि राजेळी केळीला तसलं पाणी चालत नाही. पानं कडेनं करपायला लागली होती. यांचं म्हणणं वेगळं. हे वालीवच्या कारखान्यात मशीनवर, यांना वाडीचं दुःख रविवारपुरतं. म्हणाले, पोरांचं वय निघून जाईल, एक दिवस जाऊन येऊ. मी दादांच्या बाजूनं होते. म्हटलं, उड्याच मारायच्या आहेत ना, चिकूच्या झाडाला दोर बांधून देते.

तुम्ही वाढत होतात. सगळ्यांचं बोलून झाल्यावर भाताचं पातेलं खाली ठेवून म्हणालात, "जायचं तर सगल्यांनी जायचं. मी पन, सुमी पन."

दादांचा घास हातात राहिला. म्हणाले, "आणि घर?"

"घराला कुलूप लावायचं."

"आपल्याकडे कुलूप आहे कुठं?"

आणि खरंच नव्हतं. माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. ज्या घरात नेहमी कुणीतरी असतं, त्याला कुलूप कशाला लागतं? दाराला आतून अडसर होता, बाहेरून साधी कडी, तीही गाय आत शिरू नये म्हणून. सासूबाई जाऊन वर्षं झाली होती, त्यांचा नियम मोडला तर बोलणारं कुणी उरलं नव्हतं, तरी आपण दोघी तो पाळत होतो. दादा पुष्कळ बोलले. तुम्ही एकच सांगत राहिलात, "मला पालना नको नि बिलना नको. एकदा सुमीबरोबर कुठंतरी जायचं." हे तुम्ही माझ्यादेखत, सगळ्यांच्या पानांसमोर म्हणालात. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी उगाच पोरांवर ओरडले.

कुलूप वसईच्या बाजारातून आलं. ते कडीत बसेना, म्हणून लोहाराकडून नवी कडी ठोकून घ्यावी लागली. मी म्हटलं, बघा, खर्च घरातूनच सुरू झाला. तुम्ही किल्ली पदराच्या गाठीला बांधलीत आणि दिवसातून किती वेळा तरी ती चाचपून बघत होतात.

पण केळी काय आपल्या सोयीनं पिकतात? आढीत घातलेले राजेळीचे लोंगर सहलीनंतर पिकतील असा तुमचा हिशेब होता. हवा जरा गरम झाली आणि ती आधीच पिकली. पिकल्यावर थांबता येत नाही. तुम्ही सोलून मांडवावर घातली, आणि सहलीच्या दिवशी ती ऐन मधल्या अवस्थेत होती. बाहेरून धरलेली, आतून ओली. रोज सकाळी पसरायची, ऊन चढेल तशी उलटायची, आणि सूर्य कलला की कापडात गुंडाळून आत न्यायची, नाहीतर दव पडून आंबतात. असं आठवडाभर चाललं की मधासारख्या रंगाची सुकेळी होतात. एक दिवस ऊन चुकलं की वास धरतात आणि सगळा माल वाया. मी सकाळी मांडवापाशी उभी राहून म्हटलं, झालं, मी थांबते, तुम्ही जाऊन या. खरं सांगते वैनी, मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं. सवयीचं होतं ते.

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत गेलात, दादांची दोन जुनी धोतरं आणलीत, सगळी केळी त्यात थरावर थर देऊन बांधलीत, गाठोडं माझ्या डोक्यावर दिलंत आणि म्हणालात, "ऊन काय आगाशीलाच पडतं?"

शेजाऱ्यांचा केळीचा टेंपो ठरवला होता. पुढं दादा आणि हे, मागं आपण, पोरं आणि गाठोडी. गोखिवऱ्यापर्यंत तुम्ही ओळखीचं काहीतरी दिसतंय का बघत होतात. वालीव आलं तेव्हा माझी पोरं ओरडली, बाबांचा कारखाना, बाबांचा कारखाना, आणि तुम्ही हात जोडलेत. मी विचारलं, हे काय, देऊळ आहे का? तर म्हणालात, "पगार देतो ना तो?" पुढं हमरस्ता लागल्यावर वारा सुटला आणि तुम्ही गाठोड्यावर आडव्या झालात, धूळ बसू नये म्हणून. फाटक येईपर्यंत तशाच होतात.

फाटकावरचा पहारेकरी गाठोडं बघून पुढं आला. "बाहर का खाना अंदर नहीं चलेगा, माँजी."

तुम्ही त्याला गाठ सोडून दाखवलीत आणि आपल्या भाषेत शांतपणे सांगितलंत, "हे खाना नाय बाबा. हे अजून व्हायचंय."

तो बघतच राहिला. चिकट, पिवळट, ना धड ओली ना धड सुकी अशी केळी बघून त्यालाही ते खाणं वाटलं नसावं. जाऊ दिलंन. रंजू मात्र तिथूनच वेगळी झाली. मैत्रिणींपैकी कुणी दिसलं तर, म्हणून आपल्यापासून चांगली लांब चालत होती. पोरं पाळण्यांकडे पळाली, पुरुष त्यांच्यामागं, आणि आपण ऊन शोधत निघालो. एका हिरवळीवर धोतर पसरलं तर माळी धावत आला. दुसरीकडे कारंज्याचे शिंतोडे. शेवटी त्या मोठ्या पाळण्यामागं, जिथं यंत्राची घरघर होती आणि कुणी येत नव्हतं, तिथं चांगलं रणरणीत ऊन मिळालं. दोन्ही धोतरं पसरली, केळी एकेक करून मांडली, आणि दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसलो. पाळण्याची सावली फिरत फिरत यायची, तशी आपण धोतरं सरकवायचो.

मी म्हटलं, हे घरी करत होतो तेव्हा फुकट होतं.

तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा मी तुम्हाला नीट बघितलं. पुढचा एक दात किंचित वाकडा आहे, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. चुलीपाशी अंधारच असायचा ना.

दुपारी यांनी येऊन सांगितलं, पाळण्यात एकदा तरी बसा, तिकिटात आहे, वेगळे पैसे नाहीत. तुम्ही वर बघत होतात सकाळपासून. पाळणा वर गेला की तुमची मान वर, खाली आला की खाली. मी म्हटलं, जा तुम्ही, मी बघते केळ्यांकडे. तुम्ही म्हणालात, "तू जा, तू लहान." मी म्हटलं, तुम्ही जा, तुम्ही मोठ्या. असं बराच वेळ चाललं. आणि मग दोघींच्याही एकदमच ध्यानात आलं, की घराला कुलूप लावून एवढ्या लांब आलो, आणि इथंही तेच. एकीनं जायचं, एकीनं राहायचं. यांनी म्हटलं, मी बसतो केळ्यांपाशी. तुम्ही यांना वरपासून खालपर्यंत बघितलंत. यांना सुकेळं खायचं तेवढं कळतं.

"नको," तुम्ही म्हणालात. "एकटीनंच बसायचं तर निर्मलची जत्रा काय वाईट होती?"

तर बसलो तिथंच. वैनी, आपण त्या दिवशी काय बोललो ते मी आठवून बघते, तर मोठं असं काही नव्हतं. रंजूसाठी आलेलं स्थळ. माझ्या धाकट्याचं अडखळत बोलणं. सासूबाई शेवटी शेवटी तुमच्याच हातचं पाणी मागायच्या, आणि 'पानी' म्हणायच्या, ते. एक शहरातली बाई पोराला घेऊन आली, हे काय आहे म्हणून विचारायला. तुम्ही तिला त्यातल्या त्यात वाळलेलं एक दिलंत, वर सांगितलंत, आठ दिवसांनी आगाशीला आलीस तर खरी चव कळेल. पोरानं खाऊन आणखी मागितलं. तुम्ही त्याला दोन दिलीत. मी डोळे वटारले, तर मला म्हणालात, "पाल्न्यात बसलो नाय ते वाचलं ना आपलं?" वाचलं काहीच नव्हतं, पाळणा तिकिटातच होता.

मग ऊन कलायला लागलं, तसं केळी गोळा करता करता तुम्ही म्हणालात, की विहीर काही सुधारायची नाही. दादांना ते माहीत आहे. राजेळी फार तर आणखी एखादं वर्ष. मग वाडी जाईल, वाटण्या होतील, आणि चुलीही दोन होतील. मी म्हटलं, काहीतरी बोलू नका. तुम्ही म्हणालात, "बोलून ठेवते. तेव्हा बोलायला व्हायचं नाय." आणि थोड्या वेळानं म्हणालात, "सुमे, चुली दोन झाल्या तर..." तेवढ्यात पोरं आली, धावत, भिजलेली, एकाचं चप्पल हरवलेलं. ते वाक्य तिथंच राहिलं. मी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, विचारायला आपल्याला घर आहे की. रोजचं तर आहोत समोरासमोर.

टेंपोत परत येताना तुम्ही मला विचारलंत, "परवडलं का गं?"

मी म्हटलं, अजिबात नाही.

आणि ते खरंच होतं. ती केळी सुधारली नाहीत. हमरस्त्याची धूळ की टेंपोचा धूर, कशाचा तरी वास धरला त्यांनी. व्यापाऱ्यानं हातात घेऊन नाकापाशी नेली आणि परत ठेवली. तिकिटं गेली, टेंपो गेला, चप्पल गेलं, माल गेला, वर कुलूप. दादा वर्षभर येईल त्याला सांगत राहिले, आमच्या बायका तिकीट काढून केळी वाळवायला जातात. ऐकणारा हसला की तुम्हीही हसायच्या, आणि मग माझ्याकडे बघून भुवया उडवायच्या. म्हणजे, परवडलं की नाही? मी मान हलवून नाही म्हणायची. पाणी काढताना, लसूण सोलताना, गणपतीच्या आरतीत टाळ्या वाजवतानासुद्धा. एकदा तुम्ही चिडलात. म्हणालात, "हो म्हन की एकदा, काय जातं तुझं?" मी म्हटलं, खोटं कशाला बोलू? मला ते भांडण आवडायचं, वैनी. तुम्हालाही आवडायचं, नाहीतर इतक्यांदा विचारलं नसतंत.

यंदाचं तुम्ही ठरवून ठेवलं होतं. म्हणायच्या, या वर्षी शेवटची राजेळी काढू, पुढल्या वर्षी केळीच नसतील, मग राखायला काय? दोघी जाऊन पाल्न्यात बसू. हे तुम्ही आनंदानं म्हणायच्या आणि मला ऐकवत नसे. वाडी सुकेल तेव्हा आपल्याला मोकळीक मिळणार, ही कसली मोकळीक? पण तुमच्यापुढं बोलले नाही, कारण तुम्ही खरंच वाट बघत होतात.

राजेळी निघाली थोडीशीच. सोलून मांडवावर घातलीत, आणि संध्याकाळी अंग कसकसतंय म्हणून लवकर निजलात. ताप. साधा ताप, सगळ्या आळीत होता. गोळ्या आणल्या, पेज दिली. दवाखान्यात नेलं तेव्हाही तुम्ही मला दारातून सांगत होतात, "केली उलट गं, ऊन चढलं." दुपारपर्यंत निरोप आला.

तुम्हाला घरी आणलं आणि मग घेऊनही गेले. आपल्यात बायका पुढं जात नाहीत. दादा, हे, पोरं, आळीतले सगळे पुरुष तुमच्याबरोबर गेले. शेजारणी अंगण धुवायला लागल्या. तुम्हाला ठेवलं होतं तिथं दिवा लावला होता, आणि त्या दिव्यापाशी घरातलं कुणीतरी बसावं लागतं. मला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. तुम्ही निघालात, आणि मी घरात राहिले, आपली रीतच ती.

थोड्या वेळानं ऊन उतरलं तशी मी उठले आणि मांडवाकडे गेले. एक शेजारीण म्हणाली, अगं सुतकात मालाला हात लावू नये, राहू दे आता. मी म्हटलं, दव पडेल. सगळी केळी उचलली, दादांच्या त्याच धोतरांत गुंडाळली आणि आत आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी पसरली. रोज पसरली, रोज उलटली. छान झाली आहेत, वैनी, रंग तर असा आलाय की गेल्या किती वर्षांत आला नव्हता. सुतकातली म्हणून कुणी घेणार नाही, आणि घरात कुणाला खाववत नाही. डब्यात आहेत. वासानं मुंग्या येतात, म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवलाय.

आज सकाळी दादांनी मला किल्ली आणून दिली. तुमच्या पदराची गाठ त्यांनी त्या दिवशी सोडून घेतली होती. म्हणाले, तुझ्याकडे असू दे. मग खाली बघत म्हणाले, की वाडी विकायचं बोलणं बहुतेक जमेल. हे तर मनवेलपाड्याला जागा बघूनही आलेत. तिथं म्हणे सगळी घरं अशीच, कुलूप लावून सगळे एकदम बाहेर पडतात, कुणी मागं राहायचं नसतं. मुलं मला समजावतात, आई, आता तू कुठंही येऊ शकशील आमच्याबरोबर. मोठ्या पाळण्यात बसवू तुला.

त्यांना काय सांगू? पूर्वी तुम्ही जत्रेला जायच्या, माहेरी जायच्या, आणि मी घरात असायची. तेव्हा मला काही वाटत नसे, शपथ सांगते. काम असायचं, आणि तुम्ही परत येणार, थापा मारणार, एवढं पुरे व्हायचं. एकटं राहणं मला चांगलं जमायचं. तुम्ही मला त्या पाळण्यामागं उन्हात नेऊन बसवलंत, दिवसभर, समोर, हसत, वाकड्या दातासकट, आणि माझी ती सवय मोडली. आता तिन्हीसांजेला दिवा लावून बसते आणि घर अंगावर येतं. इतक्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं. तिकिटाचे, टेंपोचे, मालाचे गेले ते गेले, ते भरून आले असते. पण हे असं होईल, हे त्या फाटकावर कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही विचारत राहा. मी नाहीच म्हणणार. नाही परवडलं, वैनी.